प्रथमोपचार पेटीतील साहित्य

अपघातानंतरच्या तात्काळ उपचारांचे साहित्य जिच्यात ठेवतात ती प्रथमोपचार पेटी. न वापरताही तिच्यातील वस्तू निकामी होतात. उष्णतेने चिकटपट्टीचा चिकटपणा जातो. बूच सैल राहिल्यास टिंक्चर आयोडिनातील अल्कोहॉल उडून द्रावण तीव्र होते व त्याने त्वचा भाजते. निर्जंतुक गॉझचे वेष्टन फाटले वा भिजले, तर मुदत शिल्लक असूनही ते उघड्या जखमेवर वापरू नये. औषधावर केवळ महिना व वर्ष छापलेले असल्यास त्या महिन्याच्या अखेरपर्यंत मुदत समजतात. पेटी कोरड्या, थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी, पण कुलूप न लावता ठेवावी. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी आणि तिच्यासाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेली जबाबदार व्यक्ती आवश्यक ठरविली. घरच्या पेटीला असा रखवालदार नसतो; वापरलेली पट्टी पुन्हा भरावयाची राहते ती बहुधा यामुळेच.