बी. ए. की बी. एस्सी.?

बारावीचा निकाल लागला की बेळगाव-खानापूरच्या खेड्यांत काय किंवा गोव्यातील वाड्यांत काय, घरोघरी एकच खल सुरू होतो: मुलाला बी. ए. ला घालावे की बी. एस्सी. ला? हुशार मुलगा शास्त्राला, बेताचा कलाशाखेला आणि मुलगी असेल तर 'बी. ए. पुरे', अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. तिला काहीही आधार नाही.

पदवीचे नाव पुष्कळदा विद्यापीठाच्या प्रथेवर ठरते. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पुढे केंब्रिजला त्यांनी गणितच घेतले. पण तेथे मिळालेली पदवी बी. ए. होती, कारण त्या विद्यापीठात गणिताच्या पदवीलाही तेच नाव आहे. लोकमान्य टिळकांनीही गणित घेऊनच बी. ए. केले होते. तेव्हा मोठेपणा अक्षरांत नाही. विषयात व तो पचविण्यात आहे.

मग निवड कशी करावी? प्रथम पुढची दारे पाहावीत. वकिली, बँकेची परीक्षा, सरकारी सेवांच्या बहुतेक परीक्षा यांना दोन्ही पदव्या चालतात. शिक्षक व्हावयाचे तर बी. एड. ची वाटही दोघांना मोकळी आहे. मात्र शास्त्र शिकवावयाचे असेल तर शास्त्राचीच पदवी हवी. रसायनशास्त्रात एम. एस्सी. करावयाची तर त्याच विषयाची बी. एस्सी. लागते. आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. बारावीला शास्त्र घेतलेल्या मुलाला बी. ए. कडे वळता येते. कलाशाखेच्या मुलाला बी. एस्सी. चे दार सहसा बंद असते. म्हणून खरा निर्णय दहावीनंतरच होत असतो. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींनी तर विशेष जपावे: नर्सिंगची बी. एस्सी. ही निराळी, चार वर्षांची पदवी आहे व तिच्यासाठी बारावीला जीवशास्त्र असावे लागते. साधी बी. एस्सी. झाल्याने कोणी परिचारिका होत नाही.

दुसरी गोष्ट घरच्या हिशोबाची. शास्त्राला प्रयोगशाळेची फी पडते आणि प्रात्यक्षिकांमुळे परतायला संध्याकाळ होते. गावची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. वर्षांचाही हिशोब हवा: कर्नाटकाने २०२४ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली आहे, गोव्यात तीन वर्षांनंतर ऑनर्ससाठी चौथे वर्ष आहे.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत मनापासून, मुलाला विचारावे: कोणते पुस्तक तू कोणी न सांगता उघडतोस? आईबापांनो, फीचे पैसे तुमचे असले, तरी अभ्यासाच्या रात्री त्याच्या आहेत. नावडत्या विषयात नापास होऊन घरी बसलेल्या मुलापेक्षा इतिहास किंवा अर्थशास्त्र मन लावून शिकलेला पदवीधर घराला अधिक आधार देतो. आणि ज्या मुलीचे मन वनस्पतिशास्त्रात रमते, तिला केवळ ती मुलगी म्हणून बी. ए. ला बसविणे हा अन्याय होय.