ड्रॅगन नंतर, माहिती आधी

बिअर्डेड ड्रॅगन पाळायचं मनात आहे? मग एक काम करा. पूर्वी ऐकलेलं, वाचलेलं सगळं आधी एकदा तपासून घ्या. त्यातलं निम्मं आज बाद झालंय!

रीलमध्ये तो नेहमी गोडच दिसतो. कुणाच्या तरी खांद्यावर शांत बसलेला, नाहीतर एक हात हळूच वर करून ‘हाय’ म्हणणारा. फक्त ते ‘हाय’ नसतं. हात हलवणं म्हणजे समोरच्या मोठ्या सरड्याला ‘बाबा रे, मला भांडायचं नाहीये’ असं सांगणं. आपण ज्याला क्यूट म्हणतो, ते त्याच्या भाषेत शरण जाणं असू शकतं.

तुमच्यापैकी काहींनी शाळेत असताना असा एखादा प्राणी पाळलाही असेल. तो गेला, मग बारावी आली, कॉलेज सुरू झालं आणि आता पुन्हा मन होतंय. ‘आधी पाळलाय, मला माहितीये सगळं’ हे वाक्य इथे सगळ्यात महागात पडतं. कारण चुकीच्या माहितीवर वाढलेला सरडा लगेच मरत नाही. तो हळूहळू, काही महिने घेत, आपल्या डोळ्यांदेखत खंगतो. आणि ओरडून सांगता येत नसल्यामुळे शेवटपर्यंत ‘शांत’ वाटतो.

दिवा म्हणजे नुसता उजेड नाही

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या भागातला. दिवसभर कडक उन्हात बसणारा. त्या उन्हातून त्याला दोन गोष्टी मिळतात. एक, ऊब, जिच्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. दुसरी, यूव्हीबी किरणं. या किरणांमुळे त्याच्या त्वचेत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि मगच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. ते लागलं नाही, तर हाडं मऊ पडतात, जबडा आणि पाय वाकडे होतात, अंग थरथरतं.

‘टाकी खिडकीपाशी ठेवली की झालं’ हा जुना सल्ला म्हणूनच कामाचा नाही. खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. साधा एलईडी ते देत नाही. पूर्वी सर्रास विकले जाणारे छोटे गुंडाळीचे यूव्हीबी बल्बही आता पुरेसे मानत नाहीत. आज शिफारस होते ती टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीच्या टी-५ ट्यूबची. शिवाय ट्यूब पेटतेय म्हणजे काम करतेय असं नाही. उजेड तसाच राहतो, पण यूव्हीबी कमी होत जातं. म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण वर्षभरात, ती बदलावी लागते.

रात्री लाल दिवा? तोही बाद. या सरड्यांना रंग दिसतात, लाल उजेडसुद्धा दिसतो. रात्री त्यांना अंधारच हवा. आणि तापणारा ‘हीट रॉक’ आणूच नका, त्याने पोट भाजतं.

नागपूर वेगळं, मुंबई वेगळी

ऊन खायच्या जागेचं तापमान ४० अंशांच्या आसपास आणि टाकीचं दुसरं टोक २५ ते २८ अंश, असा उतार लागतो. गरम झालं की त्याला सरकून गार बाजूला जाता आलं पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण टाकीच ४२ अंशांवर गेली, तर तो जाणार कुठे? उलट मुंबई-कोकणातल्या जुलैची दमट हवा या कोरड्या मुलखातल्या प्राण्याला सोसत नाही. म्हणजे परदेशातला व्हिडिओ बघून जसाच्या तसा सेटअप करून चालणार नाही. दोन्ही टोकांना तापमापक आणि एक आर्द्रतामापक हवाच.

विजेचा हिशोबही करून ठेवा. १०० वॅटचा बल्ब रोज १२ तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. ट्यूब वेगळी. हॉस्टेलच्या रेक्टरना हे समजावता येईल का, तेही बघा!

पालक नको

‘रोज किडे घाला’ हेही अर्धसत्य. पिल्लांना किडे जास्त लागतात, पण मोठ्या ड्रॅगनच्या ताटात बहुतांश पालेभाजी हवी. नाहीतर तो लठ्ठ होतो. पालक हिरवागार दिसतो, पण त्यातली ऑक्झॅलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात, म्हणून तो रोजचा नाही. आपल्या मंडईत पर्याय भरपूर आहेत. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मोहरीचा पाला, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीची फुलं, हे सगळं आलटून पालटून द्या. अॅव्होकाडो अजिबात नको.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको आणि देण्याआधी त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. स्वयंपाकघरातलं झुरळ किंवा शेतातला नाकतोडा फुकट मिळतो, पण त्याच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं. आणि काजवे तर नाहीच नाही. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत.

जोडी नको, एकटाच बरा

‘एकटा बोअर होईल, जोडी घ्या’ असं दुकानदार सांगेल. ऐकू नका. हे सरडे एकेकटे राहणारे. एकावर एक चढून बसलेले दिसले की आपल्याला वाटतं केवढं प्रेम! खरं म्हणजे वरचा खालच्याचं ऊन खात असतो. पिल्लं तर एकमेकांची बोटं आणि शेपट्या चावतात, आणि पालीसारखी त्यांची तुटलेली शेपटी परत येत नाही.

जागाही तशीच. पूर्वी माशांच्या लहान टाकीत ठेवायचे. पूर्ण वाढलेला ड्रॅगन दीड-दोन फुटांचा होतो. त्याला किमान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद घर हवं. खाली ‘कॅल्शियमची वाळू’ नको. ती पोटात जाऊन अडकू शकते. कागद किंवा फरशी उत्तम.

हात धुवा, कागद मागा

दिसायला ठणठणीत असलेल्या ड्रॅगनच्या पोटातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याची भांडी किचनच्या सिंकमध्ये नकोत. घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील, तर जास्तच जपा.

आता कायदा. ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे पाळण्यासाठी बाहेर विकू देत नाही. म्हणून विक्रेत्याकडे पिल्लू कुठे जन्मलं याचे कागद आणि पक्की पावती मागा. वन्यजीव कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करण्याचे नियम २०२४ मध्ये आलेत. तुमच्या प्राण्याला काय लागू होतं, ते पैसे देण्याआधी वन विभागाकडून समजून घ्या. आणि ‘विदेशी महाग, मग घोरपड किंवा स्टार कासवच आणू’ हा विचार मनातही नको. तो सरळ गुन्हा आहे.

आधी रिकामी टाकी

चांगली काळजी घेतली, तर हा प्राणी दहा वर्षं किंवा त्याहून जास्त जगतो. आज तुम्ही एस.वाय.ला असाल, तर तो तुमची पहिली नोकरी, कदाचित मास्टर्स, कदाचित लग्नही बघेल. तुम्ही बंगळुरूला किंवा जर्मनीला गेलात, तर त्याला कोण सांभाळणार? आईला किडे हातात धरायचे नसतील, तर हे आजच विचारा. कंटाळा आला म्हणून त्याला टेकडीवर सोडणं म्हणजे सुटका नाही. आपल्या पावसात तो जगण्याची शक्यता कमी, आणि तिथल्या प्राण्यांना त्याच्याकडून रोग लागायची भीती वेगळीच.

म्हणून एक सोपी परीक्षा. टाकी आणा, दिवे लावा आणि ती पंधरा दिवस रिकामी चालवा. रोज सकाळी दिवा लावणं, दोन्ही टोकांचं तापमान लिहिणं, रात्री बंद करणं. सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा. दिवे गेले तर काय, हेही कळेल. याच पंधरा दिवसांत सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर सरडा बघतोच असं नाही.

पंधराव्या दिवशी वहीतली एकही नोंद चुकली नसेल, तर खुशाल घेऊन या. चुकली असेल, तर काही बिघडलं नाही. टाकी रिकामीच होती.