४ कोटी शेतं आणि डोळखांबचा एक एकर

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममध्ये खेळाडूला जे साधं शेत मिळतं, त्यात खणून पेरता येतील असे ३,४२७ चौकोन असतात. आता शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या खाचरात या. दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि ओळीतल्या दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतर राखून भात लावलं, तर एका गुंठ्यात सुमारे ३,३७० चूड बसतात. म्हणजे ज्या शेतात खेळाडू वर्षानुवर्षं रमतात, ते अख्खं शेत डोळखांबच्या हिशेबाने जेमतेम एक गुंठा! एकरात तशी ४० शेतं. चूड मोजले तर १ लाख ३४ हजारांहून जास्त. एका चुडात तीन काड्या धरल्या, तर ४ लाख रोपं. त्यातलं प्रत्येक रोप कुणाच्या तरी बोटांनी चिखलात रोवलेलं असतं.

गेमचे आकडेही लहान नाहीत. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या तरुणाने साडेचार वर्षं एकट्याने खपून हा गेम बनवला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, गोष्ट, सगळं त्याचंच. २६ फेब्रुवारी २०१६ला तो बाजारात आला आणि डिसेंबर २०२४पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या होत्या. त्याआधी जून २००९मध्ये फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल'ने तर वर्षभराच्या आतच महिन्याला ८ कोटी खेळाडूंचा पल्ला ओलांडला होता. शेजाऱ्याच्या शेताला खत घालायचं, त्याने आपल्या शेतावर यायचं, एवढ्यासाठी ही माणसं रोज कॉम्प्युटर उघडत होती.

या साऱ्याचं मूळ आहे एका गावाकडच्या माणसाच्या आठवणीत. जपानच्या खेड्यात वाढलेले यासुहिरो वादा टोकियोत आले, आणि मागे राहिलेलं ते जगणं त्यांनी १९९६मध्ये एका गेममध्ये उतरवलं. जपानबाहेर तो 'हार्वेस्ट मून' म्हणून पोचला. बॅरोनने 'स्टारड्यू' घडवला तो याच गेमच्या प्रेमापोटी. गाव सोडून शहरात कामाला जाणं म्हणजे काय, हे आसनगावहून लोकल पकडणाऱ्या डोळखांबच्या पोरांना वेगळं सांगायला नको.

गेममध्ये सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंतचा दिवस सुमारे १४ मिनिटांत सरतो. २८ दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं एक वर्ष. असं ११२ दिवसांचं वर्ष सुमारे २७ तासांच्या खेळात उलटतं. या गेममध्ये भातही आहे. पाण्यापासून तीन चौकोनांच्या आत लावलं, तर त्याला वेगळं शिंपावं लागत नाही आणि ते आठऐवजी सहा दिवसांत तयार होतं. सहा दिवस म्हणजे आपली साधारण ८५ मिनिटं. डोळखांबच्या खाचरातलं १२० दिवसांचं भात मिनिटांत मांडलं, तर १ लाख ७२ हजार ८०० मिनिटं होतात. गेमचा वेग जवळजवळ दोन हजार पट!

पाण्याचा हिशेब याहून थक्क करणारा आहे. गेममधल्या पहिल्या झारीत ४० चौकोनांपुरतं पाणी मावतं. इथे एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी ते पाणी ४ हजार लिटरच्या वर भरतं. हंगामात अडीच हजार मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका एकरावर १ कोटी लिटर पाणी उतरलेलं असतं. शेतकरी ते बांधाबांधाने अडवतो आणि खाचराखाचरातून खाली सोडतो.

आणि पीक? भाताच्या हजार दाण्यांचं वजन सुमारे २४ ग्रॅम धरू. एकरात दहा क्विंटल भात आलं, तर शेतकरी त्याला बरं म्हणेल, फार म्हणणार नाही. त्या दहा क्विंटलात दाणे भरतात ४ कोटी १६ लाख. डिसेंबर २०२४पर्यंतच्या जवळजवळ नऊ वर्षांत जगभर 'स्टारड्यू'च्या जेवढ्या प्रती विकल्या गेल्या, त्याहून जास्त दाणे डोळखांबचा एक एकर एका पावसाळ्यात देतो.

आता माणसांकडे वळू, कारण खरी गंमत त्यांच्यात आहे. गेममध्ये सुरुवातीला खेळाडूच्या अंगात २७० एवढी ताकद असते आणि एक चौकोन शिंपायला २ खर्च होते. म्हणजे एकटा खेळाडू दिवसाला १३५ चौकोन शिंपणार. सगळं शेत एकदा ओलं करायला त्याला २६ दिवस लागतील, आणि ऋतू तर २८ दिवसांचा! चार मित्र आले की हेच काम सात दिवसांवर येतं. २०१८मध्ये 'स्टारड्यू' चौघांना मिळून खेळता येऊ लागला, तर २०२४पासून कॉम्प्युटरवर आठ जणांना. या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. एकत्र खेळताना सगळे झोपायला गेल्याशिवाय दिवस मिटवता येत नाही. एक जण अजून नदीवर मासे धरत असला, तर बाकीचे त्याच्यासाठी थांबतात.

डोळखांबच्या खाचरातही गणित असंच बसतं. एका एकराच्या लावणीला बारा माणसं लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी ११ हजारांवर चूड येतात. आठ तासांत ते उरकायचे तर मिनिटाला २३. कमरेत वाकून, भर पावसात, दर अडीच सेकंदांना एक. चारसूत्री या सुधारित पद्धतीने, म्हणजे जरा वेगळ्या अंतरावर लावलं, तर पुढे खताच्या गोळ्याही हातानेच खोचायच्या: चार चुडांच्या प्रत्येक चौकोनात एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल. एकराला अशा २५ हजार गोळ्या. हे एकट्याने करायला बसलं, तर नुसती लावणीच बारा दिवस चालेल. राबात वाढलेलं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावायलाच हवं. जून झालं की फुटवे कमी येतात आणि दाणा घटतो. म्हणून आज तुझं खाचर, उद्या माझं. कोकणात सावड, देशावर इर्जिक, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात पडकई. गरजेपोटी बांधलेली ही माणसांची साखळी आहे.

गेमने शेतीतून कंबरदुखी काढली, जळवा काढल्या, कापून ठेवलेलं भात भिजवणारा परतीचा पाऊस काढला, कर्ज काढलं. एवढं सगळं वजा केल्यावरही कोट्यवधी लोकांना ओढून घेणारी जी गोष्ट उरली, ती म्हणजे आपल्या माणसांबरोबर एकाच शेतात राबणं आणि पीक आलं की मिळून खूश होणं. डोळखांबची सावड पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. माझ्या मते या खेळांची गोडी टिकून आहे ती यामुळेच. त्यात वेळ वाया जातो असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

आणि मित्रांबरोबर शेत खेळणाऱ्यांना एक विनंती. येत्या जुलैत चौघं मिळून एक दिवस खऱ्या लावणीला जा. दिवसभरात एखाद-दुसरा गुंठा लावून झाला, तरी खूप झालं. शेतकऱ्याला आधी विचारा, सकाळी वेळेवर पोचा आणि तो सांगेल त्याच अंतरावर चूड लावा.