कुटुंबाला गुण द्यायचे कसे?

मंडळी, मोजमापाच्या तत्त्वज्ञानातलं एक अवघड उदाहरण आज घेऊ: कुटुंब. घरात माणसं किती, हे मोजणं सोपं. घर कसं चाललंय, हे मोजायचं म्हटलं की पंचाईत होते.

आरोग्य-संशोधकांना ते मोजावंसं वाटतं, आणि त्यात चूक काही नाही. क्षयाचं सहा महिन्यांचं औषध मध्येच सुटतं की पुरं होतं, बाळंतिणीला विश्रांती मिळते की नाही, हे घरावर ठरतं. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, गोळी हातात ठेवणारं माणूस घरातलं असतं.

१९७८ साली गॅब्रिएल स्मिल्कस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांनी त्यासाठी पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली काढली. अडचणीत मदत, निर्णयात सहभाग, नवं काही करायला साथ, माया, आणि एकत्र घालवलेला वेळ. प्रत्येक बाबतीत तुम्ही कितपत समाधानी आहात? 'जवळजवळ नेहमी'ला २, 'कधीकधी'ला १, 'क्वचितच'ला ०. बेरीज ७ ते १० आली तर कुटुंब चांगलं चाललंय. ३ किंवा कमी आली तर फार बिघडलंय. नाव ठेवलं 'फॅमिली अपगार'. हे नाव व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंच्या नवजात बाळाच्या तपासणीवरून घेतलं. तिथेही पाच गोष्टी आणि दहा गुण. पण फरक बघा. तिथे डॉक्टर बाळाचे ठोके मोजतात, रंग बघतात. बाळाला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू समाधानी आहेस का? (हशा) स्मिल्कस्टाइन मात्र समाधानच विचारतात.

आता ही प्रश्नावली नांदेड-लातूरकडे आणा. 'समाधानी' हा शब्द आपल्याकडे नुसती मनःस्थिती सांगत नाही, तो गुण आहे. 'सून मोठी समाधानी आहे हो' हे कौतुक असतं. मग तिला 'तुम्ही समाधानी आहात का' असं विचारणं म्हणजे 'तुम्ही चांगल्या बाई आहात का' असं विचारणं. त्यात ओसरीवर सासूबाई बसलेल्या. ती दहापैकी दहा देणार. संशोधक म्हणतील, आम्ही मराठीतून पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून तपासलंय. तपासलं असेल. शब्द बरोबर परत येतो, त्याचं वजन इथेच राहतं.

अमर्त्य सेन यांनी याच जातीची गोष्ट आजारपणाबद्दल दाखवली. केरळात लोक जास्त जगतात, तरी 'मी आजारी आहे' असं सांगणारेही तिथेच जास्त, बिहारमध्ये उलट. अपेक्षा जिथे कमी, तिथे तक्रारही कमी. तेव्हा दहापैकी दहा देणारी बाई सुखी असेल किंवा तिने मागणंच सोडलं असेल. आकडा दोन्हीकडे एकच. आणि मदत कुणाला द्यायची हे त्या आकड्यावर ठरलं, तर ती यादीतून गळते. माझा खरा आक्षेप इथे आहे.

दुसरी एक प्रश्नावली आहे, मॅकमास्टर प्रारूपावरची, १९८३ची. तिच्या प्रचलित रूपात ६० विधानं आहेत. त्यातली काही मुद्दाम उलटी. कल्पना शहाणी आहे, सरसकट 'हो' म्हणणारा सापडतो. पण 'आमच्या घरात मनातलं बोलता येत नाही' अशा धर्तीचं वाक्य वाचून दाखवलं की आपला माणूस म्हणतो, 'नाही.' आता हे 'नाही, येत नाही' की 'नाही, तसं नाही'? भरणाऱ्याने काय भरायचं ते भरावं.

आणि मुळात कुटुंब कोणतं? जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक घर धरते. पण कंधार-मुखेडकडचं नवराबायकोचं जोडपं उचल घेऊन ऊसतोडीला जातं. मुकादमाच्या हिशेबात ते दोघं मिळून एक 'कोयता'. पोरं आजीजवळ. डिसेंबरात सर्वेक्षणवाला आला तर 'एकत्र वेळ घालवण्या'बद्दल आजी काय सांगणार? गुण कमी येतील, शिक्का 'बिघडलेलं कुटुंब' असा बसेल. खरं तर ते कुटुंब टिकावं म्हणूनच ते दोघं फडात आहेत. लातूरला नीटच्या शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या पोराचंही तेच. त्याचं घर फोनवर असतं, आणि ताप आला तर पेज देणारी खानावळीची मावशी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मग प्रश्नावल्या फेकून द्यायच्या का? तसं मी म्हणत नाही. घडलेलं विचारा. मागच्या वेळी ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं? पैसे कुणाकडून आले? त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला? नवरा, बायको, म्हातारी, तिघांना वेगवेगळं गाठून विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका, न जुळणं तसंच लिहून ठेवा. आणि हंगाम कोणता होता तेही लिहा. यावर संख्याशास्त्राचे आमचे मित्र म्हणतात, सर, अशाने नांदेडची तुलना मनिलाशी करता येणार नाही. नाही येणार. मुखेडच्या आरोग्यसेविकेला ती तुलना करायचीही नाहीये, तिला उद्या सकाळी कुणाच्या दारी जायचं एवढं कळलं पाहिजे.