येघेगिसचे बोलके दगड

मनुष्य गेल्यावर त्याचें नांव किती काळ टिकतें? आपल्या घरांत या प्रश्नाचें उत्तर परंपरेनें ठरवून ठेवलें आहे. श्राद्धाच्या दिवशीं यजमान पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें गोत्रासह उच्चारतो. त्यापलीकडचे पितर नांव सोडून समुदायांत मिळून जातात. देहाचें भस्म नदीला दिलेलें असतें, त्यामुळें शिळेखालीं जपून ठेवण्याजोगें कांहीं उरतच नाहीं. यहुदी लोकांची रीत निराळी. ते देह भूमींत ठेवतात, वर शिळा ठेवतात आणि तिच्यावर मृताचें व त्याच्या पित्याचें नांव कोरतात. अशा भूमीस ते 'बेत हाईम' म्हणजे 'जीवितांचें घर' असेंहि म्हणतात. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणाऱ्या आपल्या घरांतील वडील स्त्रियांस हा शब्दसंकोच सहज समजेल.

परंतु शिळा कोरवून घेणारे, ती वाचणारे आणि राखणारे असे सगळेच एके दिवशीं निघून गेले, तर त्या नांवांचें काय होतें? हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आर्मेनिया देशांतील येघेगिस नांवाच्या खेड्याकडे जावें.

राजधानी येरेवान सोडून आग्नेय दिशेस निघालें म्हणजे प्रथम सपाट, सुपीक प्रदेश लागतो. उजव्या हातास सरहद्दीपलीकडे हिमाच्छादित अरारात पर्वत दिसतो. नोहाची नौका प्रलयानंतर टेकली ती हाच, अशी ख्रिस्ती जगांत जुनी समजूत आहे. पुढें रस्ता घाट चढून वायोत्स द्झोर या प्रांतांत उतरतो. या नांवाचा अर्थ 'शोकाची दरी' असा सांगतात. द्राक्षमळ्यांचें आरेनी गांव मागें पडलें कीं, येघेगनाद्झोर या प्रांताच्या ठाण्याच्या अलीकडेच, उत्तरेकडे एक अरुंद खोरें फुटतें. त्यांतून येघेगिस नदी वाहते आणि तिच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून पांच हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्याच नांवाचें खेडें आहे.

आज लहान दिसणारें हें गांव एके काळीं ओर्बेलियन राजघराण्याच्या वैभवाचें ठिकाण होतें. त्याची साक्ष म्हणून १३०३ सालीं बांधलेलें झोरात्स नांवाचें एक अपूर्व प्रार्थनामंदिर येथें उभें आहे. त्यास सभामंडप नाहींच. वेदी तेवढी छताखालीं, आणि उपासकांनीं उघड्या आकाशाखालीं उभें राहावयाचें. लढाईस निघालेल्या सैनिकांना घोड्यावर बसल्याबसल्याच आशीर्वाद घेतां यावा म्हणून अशी रचना केली, असें तेथील लोक सांगतात. परंतु आपणांस जावयाचें आहे तें नदीच्या दुसऱ्या तीरावर. पायपूल ओलांडून पलीकडे गेलें कीं गवतांत पसरलेल्या काळसर शिळा दिसूं लागतात.

पहिल्या दृष्टिक्षेपांत येथें भव्य असें कांहीं नाहीं. मोठा खांब मधोमध उभा चिरावा आणि त्याचें एकेक शकल सपाट बाजूवर निजवावें, तशा या अर्धगोल शिळा आहेत. जवळ जाऊन वांकून पाहावें, तेव्हां त्यांच्या अंगावर हिब्रू आणि अरामी भाषांतील ओळी उमटलेल्या दिसतात. अशा साठांहून अधिक शिळा येथें मिळाल्या आहेत. ज्यांवर काळ वाचतां येतो त्यांपैकीं सर्वांत जुनी १२६६ सालची, तर अलीकडची १३३६-३७ च्या सुमाराची आहे.

हें कालमापनहि मोठें मनोरंजक आहे. शिळांवरील वर्षें ख्रिस्ती शकाचीं नाहींत. तीं सेल्युकसच्या शकाचीं आहेत. ज्या सेल्युकसनें चंद्रगुप्त मौर्याशीं तह केला, त्याच ग्रीक राजाच्या नांवानें चालणारा हा शक ख्रिस्तपूर्व ३१२ पासून मोजला जाई. त्याचें साम्राज्य लयास गेलें, तरी पूर्वेकडील यहुद्यांनीं व्यवहाराचे कागद लिहितांना तो शक शेंकडों वर्षें चालूं ठेवला. आपल्या पंचांगांत शालिवाहनाचा शक अजून चालतो, तशांतलाच हा प्रकार.

शिळांवरील नांवें पुष्कळदां फारसी वळणाचीं आहेत. त्यावरून हे लोक इराणच्या बाजूनें येथें आले असावेत, असें विद्वान् मानतात. तो काळ मंगोलांच्या सत्तेचा होता. ओर्बेलियन राजांनीं मंगोल खानाची मर्जी संपादून आपला मुलूख राखला होता आणि याच डोंगरांतून व्यापारी तांडे जात-येत होते. उत्तरेकडील सेलिम खिंडींत १३३२ सालीं ओर्बेलियनांनीं बांधलेली दगडी सराई आजहि उभी असून तिच्यावर आर्मेनियन आणि फारसी अशा दोन भाषांत लेख आहेत. अशा वर्दळीच्या वाटेवर एक यहुदी वसाहत निदान सत्तर वर्षें सुखानें नांदली, एवढें या शिळा सांगतात. इकडे देवगिरीस महादेवराय यादवाच्या आश्रयानें हेमाद्रिपंडित श्राद्धादि विधींचा प्रचंड संग्रह रचीत होता, त्याच सुमारास तिकडे हीं नांवें दगडावर चढत होतीं!

त्यांतील एक शिळा एस्तेर नांवाच्या मुलीची आहे. ती मिखाएलची कन्या. कुमारिका आणि वाग्दत्ता. विवाह ठरला होता, झाला नव्हता. आद्यमाता सारा हिच्या सहवासांत तिला स्थान मिळावें, अशी प्रार्थना एका अंगास कोरली आहे. दुसऱ्या अंगास रूपाचें क्षणभंगुरत्व सांगणारें बायबलांतील नीतिवचन घेऊन, ही मुलगी देवभीरु होती, असें आवर्जून म्हटलें आहे. दुसरी एक शिळा दावीदचा पुत्र बाबा याची. तिच्यावर पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या पित्यानें मृतांच्या पुनरुत्थानाचें आश्वासन देणारीं वचनें धर्मग्रंथांतून वेंचून कोरविलीं आहेत. घरांत ज्यांनीं तरुण मृत्यु पाहिला आहे, त्यांस या ओळींचा अर्थ समजण्यास हिब्रू यावी लागत नाहीं.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट नक्षीची आहे. या शिळांवर जीं चक्राकार आणि इतर चिन्हें आहेत, तशींच तेथील ख्रिस्ती ओर्बेलियनांच्या थडग्यांवरहि आढळतात. म्हणजे दोघांचे पाथरवट बहुधा एकच होते. राजाच्या थडग्यासाठीं जो हात छिन्नी चालवी, तोच हात परधर्मी व्यापाऱ्याच्या मुलीसाठींहि तितक्याच निगुतीनें चालला.

१३३५ सालीं इराणचा मंगोल सुलतान अबू सईद मरण पावला आणि त्याच्या राज्याचे तुकडे झाले. येथील शिळांवरील वर्षेंहि त्याच सुमारास थांबतात. पुढें ही वसाहत लोकांच्या स्मरणांतूनहि गेली. कांहीं शिळा पाणचक्कीच्या पायांत गेल्या, कांहीं नदीवरील पायपुलाखालीं आधारास लागल्या. यांत कोणाचा द्वेष होता असें नाहीं. आयता घडविलेला दगड दिसला, तो उचलला. आपल्याकडेहि गांवोगांवीं वीरगळावर धुणीं धुतलेलीं आपण पाहिलींच आहेत.

या शिळांचा पुनर्जन्म झाला तो १९९६ सालीं, आणि तोहि एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या हातून. त्या प्रांताचे बिशप अब्राहम म्कर्त्चयान यांच्या दृष्टीस हे दगड पडले. लिपि आपली नव्हे हें ओळखून ते स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत आर्मेनियन विद्येचे प्राध्यापक असलेल्या मायकेल स्टोन यांस कळविलें. स्टोन आणि पुरातत्त्वज्ञ डेव्हिड अमित यांनीं २००० सालापासून स्थानिक विद्वानांच्या साहाय्यानें तेथें उत्खनन केलें. मध्ययुगीन आर्मेनियांत यहुदी राहत होते याचा इतका स्पष्ट पुरावा तोंवर जगापुढें आला नव्हता. एका बिशपनें 'हें आपलें नाहीं' म्हणून मान फिरविली असती, तर एस्तेर आजहि अनामिकच राहिली असती.

हा विषय आपणांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. केरळांत चेंदमंगलम येथें सारा नांवाच्या यहुदी स्त्रीची १२६९ सालची शिळा आहे. येघेगिसच्या पहिल्या शिळेहून ती अवघी तीन वर्षांनीं धाकटी. आणि आपल्या कोंकणांत तर बेने इस्रायल शतकानुशतकें मराठी बोलत राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणून आपले पूर्वज त्यांस ओळखीत. जहाज फुटून बुडालेल्या आपल्या मूळ पुरुषांस अलीबागनजीक नवगांव येथें पुरलें, अशी त्यांची परंपरा आहे. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. घरें विकलीं गेलीं, माणसें गेलीं. पण थडगीं बरोबर नेतां येत नाहींत. तीं शेजाऱ्यांच्या स्वाधीन राहिलीं.

आणि ते शेजारी म्हणजे आपण. यहुदी लोक मृताच्या सेवेस खरी दया म्हणतात, कारण त्या उपकाराची फेड मृताकडून कधींच होत नाहीं. थडग्यास भेट देणाऱ्यानें एक लहानसा खडा उचलून शिळेवर ठेवावा आणि निघावें, एवढाच त्यांचा साधा प्रघात आहे. कोंकणांत सुटीसाठीं जाणाऱ्या आपल्या मुलांना वाटेंतील अशा एखाद्या शिळेवर खडा ठेवावयास शिकविलें, आणि ती शिळा कोणी पायरीस लावूं लागल्यास 'हें कोणाचें तरी नांव आहे' असें सांगावयास शिकविलें, तर तेवढ्यानेंहि शेजारधर्म पाळला जाईल.