तर्कसिद्धतांची अक्षरजुळणी

आकारिक तर्कशास्त्रातील सिद्धता तिच्या तार्किक रचनेसह छापण्याचे तंत्र. गद्यात ओळ कोठे तुटते यावर अर्थ अवलंबून नसतो. सिद्धतेत मात्र विधानाचे स्थान हा अर्थाचाच भाग असतो.

गोटलोप फ्रेगे (१८४८–१९२५) या जर्मन तर्कवेत्त्याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेतनात विधाने आडव्या-उभ्या रेषांनी जोडलेली असत. ते फार जागा व्यापते, अशी टीका त्याच काळी झाली. गेर्हार्ट गेन्त्सेन (१९०९–४५) याने १९३४-३५ मध्ये वृक्षरूप मांडणी पुढे आणली. तीत आधारविधाने आडव्या रेषेच्या वर व निष्कर्ष खाली असतो. फ्रेडरिक फिच (१९०८–८७) याच्या १९५२ मधील पाठ्यपुस्तकातील पद्धतीत गृहीताचा अंमल डावीकडील उभ्या रेषेने दाखवितात.

उदा., ‘पाऊस झाला, तर अरुणावतीला पूर येतो’ व ‘पूर आला, तर आर्णीची वाट बंद होते’ ही आधारविधाने घेऊ. ‘पाऊस झाला’ हे तात्पुरते गृहीत धरले, की ‘वाट बंद होते’ हे विधान रेषेच्या आत मिळते. रेषेबाहेर ‘पाऊस झाला, तर वाट बंद होते’ एवढेच म्हणता येते. रेषा चुकून एक ओळ आधी संपली, तर ‘वाट बंद होते’ हे विनाअट सिद्ध झाल्याचे दिसेल. एकही अक्षर न बदलता सिद्धता सदोष होईल.

खिळ्यांच्या जुळणीत अशा रेषांसाठी धातूच्या पट्ट्या मापाने बसवाव्या लागत. एक सूत्र लांबले, तरी भोवतालची जुळणी बदलावी लागे. डॉनल्ड कनूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते असमाधानकारक वाटल्याने १९७७ मध्ये ‘टेक’ ही संगणकीय जुळणीप्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्या आधारे लेस्ली लॅम्पोर्ट याने १९८० नंतरच्या दशकात ‘लॅटेक’ तयार केली. तीत लेखक मापे न देता रचना सांगतो. सॅम्युएल बस याच्या आज्ञासंचात प्रथम आधारविधाने क्रमाने देतात. नंतर निष्कर्ष देताना तो किती आधारविधानांवरून निघतो, हे आज्ञेच्या नावानेच कळते. प्रणाली लगतची तितकी विधाने शेजारी-शेजारी मांडते, रुंदी मोजून रेषा आखते व निष्कर्ष तिच्याखाली बसविते. फिच-पद्धतीसाठीही असे आज्ञासंच उपलब्ध आहेत.

तथापि अशी प्रणाली अनुमानाची युक्तता तपासत नाही; सदोष सिद्धताही ती तितक्याच नेटकेपणाने छापते. तपासणीसाठी ‘लीन’सारख्या स्वतंत्र प्रणाली आहेत. मांडणीची शुद्धता व अनुमानाची शुद्धता या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीमुळे दुसरी पारखणे मात्र सुकर होते.