धूळ झटकण्याआधी

जानेवारी उजाडला की अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या लिलावांचा हंगाम सुरू होतो. फ्लोरिडातल्या किसिमीला मेकम या लिलाव कंपनीचा मांडव पडतो आणि ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनचा. कुठली गाडी किती कोटींना गेली, हे आपल्यापर्यंतही पोहोचतं. पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या कोठारात किंवा शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली चाळीस-पन्नास वर्षं कुजत पडलेली दुर्मिळ मसल कार सापडली, तर ती पुन्हा उभी करण्यात अर्थ आहे का?

बातम्यांतले आकडे वाचून ‘अर्थातच’ म्हणावंसं वाटतं. मला तसं वाटत नाही. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हा व्यवहार तोट्याचा असतो. ज्या मोजक्या गाड्या खरोखर मोलाच्या असतात, त्यांच्यावर तर हात फारच जपून चालवावा लागतो, कारण उत्साहाच्या भरात केलेलं रिस्टोरेशन गाडीची ओळखच पुसून टाकू शकतं. ‘बुलिट’ चित्रपटातल्या दोन मस्टँग हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

१९६८ च्या त्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जी हिरवी मस्टँग जीटी ३९० पळवली, तशा दोन गाड्या चित्रीकरणासाठी घेतल्या होत्या. त्यांचे चेसिस क्रमांकही लागोपाठचे, एकाचा शेवट ५५८ आणि दुसऱ्याचा ५५९. त्यातली ५५९ दोन हात बदलून १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाकडे काही हजार डॉलरना गेली. त्यांनी ती रोजच्या वापरात ठेवली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती कित्येक दशकं. २०१८ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा रंग उडालेला, पत्र्यावर गंजाचे डाग. जानेवारी २०२० मध्ये किसिमीच्या लिलावात ती याच अवतारात मंचावर आली आणि शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. त्या वेळच्या दराने २६ कोटी रुपयांहून अधिक.

या गाडीच्या बुडाशी चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरे बसवण्यासाठी केलेल्या जोडण्या शाबूत होत्या. एखाद्या कुशल कारागिराच्या हाती ती नव्वदच्या दशकात पडली असती, तर त्याने त्या खुणा कापून, घासून, पत्रा सपाट करून वर सुंदर हिरवा रंग चढवला असता. मस्टँग झकास झाली असती आणि ‘बुलिट’ची गाडी संपली असती.

दुसरीच्या नशिबी हेच येता येता राहिलं. ५५८ ही स्टंटची गाडी, खूप आपटलेली. ती भंगारात गेली असंच सगळे धरून चालले होते. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात एक सांगाडा सापडला, वर पांढरा रंग, आत इंजिन नाही. ज्यांच्या हाती तो लागला, त्यांचा बेत त्यावरून ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ चित्रपटातल्या ‘एलेनॉर’ मस्टँगची प्रतिकृती बनवण्याचा होता. काम पुढे जाण्याआधी कुणीतरी चेसिस क्रमांक तपासला. मग पुढच्या शॉक ॲब्झॉर्बरच्या बैठकींना दिलेलं जास्तीचं बळ आणि डिकीत पाडलेली भोकं यांचा अर्थ लागला. क्रमांक तपासायला थोडा उशीर झाला असता, तर त्या खुणा नव्या पत्र्याखाली कायमच्या गाडल्या गेल्या असत्या.

दोन्ही गाड्यांची शहानिशा करणारा माणूस एकच, केविन मार्टी. या सगळ्या जगात मला सर्वाधिक आदर वाटतो तो अशा माणसांबद्दल. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन नोंदी त्यांच्याकडे परवान्याने आहेत. क्रमांक दिला की गाडी कुठल्या कारखान्यात बनली, कुठला रंग, कुठलं इंजिन, कुठल्या डीलरकडे गेली, सगळं कागदावर मिळतं. जुन्या फोर्डच्या व्यवहारात ‘मार्टी रिपोर्ट’ हा आपल्याकडच्या सातबारासारखा पहिला कागद मानतात. कापणं-ठोकणं सुरू करण्याआधी असा कागद हातात घेणं ही मला तरी सक्तीचीच पायरी वाटते.

मात्र हे सुख फोर्डवाल्यांचं. पाँटिॲकच्या मूळ नोंदींच्या प्रती मिळतात, पण शेव्हरलेटच्या बाबतीत अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचे असे कागद उपलब्धच नाहीत. १९७० ची शेव्हेल एसएस घ्या. ४५४ घनइंचांचं एलएस-६ इंजिन, कंपनीच्या आकड्यानुसार ४५० अश्वशक्ती. मसल कारच्या चाहत्यांत या गाडीचं नाव आदराने घेतलं जातं. पण तिचा चेसिस क्रमांक फक्त एवढंच सांगतो की ही व्ही-८ इंजिनाची मालिबू आहे. एसएस हे त्या वर्षी ऑप्शनचं पॅकेज होतं, त्यामुळे साध्या मालिबूला एसएसची चिन्हं आणि मोठं इंजिन लावून उभी केलेली गाडी क्रमांकावरून ओळखता येत नाही. इंजिनावर ठोकलेले आकडे जुळतात का, म्हणजे ‘मॅचिंग नंबर्स’ आहेत का, हे पाहावं लागतं. तेही आकडे घासून नव्याने ठोकणारे आहेत.

मग खरा पुरावा कुठे असतो? बिल्ड शीटमध्ये. कारखान्यात गाडी जुळवताना कुठला भाग बसवायचा हे सांगणारा तो कागद. काम झालं की कामगार तो कुठेही खोचून देत. शेव्हेलमध्ये तो पेट्रोलच्या टाकीच्या वर सापडतो, डॉज-प्लिमथमध्ये मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली. उंदरांनी कुरतडलेला, तेलकट, पिवळा. कोठारातली गाडी घरी आणून पहिल्याच रविवारी सडक्या सीटा उकिरड्यावर टाकणारे लोक बऱ्याचदा या कागदासकट टाकतात. हे वाचलं की मला अक्षरशः कळवळून येतं. पन्नास वर्षं पावसापाण्यात, उंदीर-घुशींत टिकलेला पुरावा मालकाच्या हौसेपुढे टिकत नाही.

आता पैशाचं. मस्टँग, कॅमारो, डॉज चॅलेंजर या गाड्या मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे पूर्ण लांबीची वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच भार पेलतो. म्हणून गंज इथे दिसण्यापुरता राहत नाही. फ्लोअर, डिकीचा तळ, काचेखालचा काउल, मागचे क्वार्टर पॅनल सडले की गाडी वाकते, दारं बसत नाहीत. बॉडी गोल फिरवता येईल अशा चौकटीवर चढवून सगळा पत्रा उघडा करायचा, तर हजार-बाराशे तास सहज जातात. तासाला १०० डॉलर धरले तर नुसत्या मजुरीचे १ लाख ते १ लाख २० हजार, म्हणजे कोटीभर रुपये. इंजिन, क्रोम, अपहोल्स्ट्री वेगळं. पत्रा उघडा केला की आधीच्या मालकाने लावलेली पुट्टी निघते, आणि पुट्टीखाली पत्राच नसतो. ज्या गाडीची तयार किंमत ६०-७० हजार डॉलर आहे, तिच्यावर हा खर्च करणारा माणूस ती विकायला काढतो तेव्हा रडकुंडीला येतो.

बाजारही एकसारखा राहत नाही. या गाड्यांवर जीव टाकणारी पिढी १९६८ मध्ये अठरा-वीस वर्षांची होती. आज ती पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. २००८ च्या मंदीत मसल कारचे भाव कोसळले होते, ते अनेकांना आठवत असेल. वरच्या मूठभर गाड्या मात्र वेगळ्याच. प्लिमथची १९७१ ची हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल जेमतेम ११ बनली, त्यातली एक २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरच्या बोलीला गेली. पण त्या अकरा गाड्यांपैकी एखादी तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या कोठारात असण्याची शक्यता धरून कुणी हिशेब करू नये.

धुळीलाच किंमत येण्याचा प्रकारही आता रूढ झाला आहे. १९६९ ची डॉज चार्जर डेटोना, पुढे टोकदार नाक आणि मागे उंच पंख, नॅस्कार शर्यतीच्या नियमापुरत्या ५०३ बनवल्या. अलाबामातल्या ग्लेनवूडच्या कोठारातून निघालेली अशी एक डेटोना २०१६ मध्ये किसिमीला कोठारातल्या धुळीसकट लिलावात उभी होती, ९० हजार डॉलरच्या बोलीला गेली. धूळ न पुसता विकणं मला थोडं दिखाऊ वाटतं. तरी ज्याने ती पुसली नाही त्याने निदान काही बिघडवलं तरी नाही.

मग हात लावूच नये का? लावावा. २०१८ मध्ये उत्तर टेक्सासच्या एका शेतात, फोर्डच्या मस्टँग घेऊन त्या अधिक वेगवान बनवणाऱ्या शेल्बी कंपनीची ‘लिटल रेड’ सापडली, १९६७ ची जीटी-५०० ची प्रायोगिक गाडी, जगात एकच, चिरडून टाकली असं मानलं गेलेली. बॅरेट-जॅक्सनचे प्रमुख क्रेग जॅक्सन यांच्या चमूने शेल्बीच्या क्रमांकाऐवजी फोर्डच्या चेसिस क्रमांकाने तिचा माग काढला. ती इतकी सडली होती की तशीच ठेवणं म्हणजे मरू देणं होतं. तिथे रिस्टोरेशन योग्यच. पण शेल्बीच्या माणसांनी तिच्यात वारंवार बदल केले होते, म्हणून आधी कुठल्या अवस्थेतली गाडी उभी करायची हे जुनी छायाचित्रं आणि कागद धुंडाळून ठरवावं लागलं. आपल्याकडे २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांची ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आली, त्या व्याख्येतही चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. दृष्टी तीच आहे.

बहुतेक पडून असलेल्या गाड्यांना याहून बरंच कमी पुरतं. सिलिंडरमध्ये तेल सोडून काही दिवस थांबावं, इंजिन आधी हाताने फिरवून पाहावं, जुनी टाकी आणि रबरी नळ्या काढाव्यात, ब्रेक पूर्ण नवे करावेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय का ते पाहावं. गंज जिथे भार पेलणाऱ्या पत्र्यात आहे तेवढाच कापावा. मूळ रंग, फिकट का होईना, राहू द्यावा. गाडी चालते, थांबते, आणि तिचा पुरावा तिच्या अंगावर राहतो.

आणि शेवटी त्या गाड्या, ज्यांचं गणित कधीच जुळणार नाही. दुर्मिळ म्हणजे महाग, हा समज अमेरिकन मोटर्सच्या, म्हणजे एएमसीच्या गाड्यांजवळ येऊन मोडतो. १९७० ची रेबेल मशीन फक्त २,३२६ बनली. हेमी ’कुडापुढे तिची किंमत किरकोळ. मस्टँग किंवा कॅमारोची अख्खी बॉडी आज नव्याने बनवून मिळते, पण मशीनच्या बॉनेटवरचा तो टॅकोमीटर बसवलेला स्कूप शोधायला माणूस देशभर फिरतो. सुटे भाग बनवणाऱ्यांना एवढ्या थोड्या गाड्यांसाठी साचे पाडणं परवडत नाही. म्हणून ती सडते, सुट्या भागांसाठी कापली जाते आणि आणखी दुर्मिळ होते. हेमीला वाचवायला श्रीमंत माणसं रांगेत उभी आहेत. मशीनला वाचवायला कुणी नाही. पैसे परत येणार नाहीत हे पक्कं धरून, विकण्याचा विचार बाजूला ठेवून, पाच-सात वर्षं तिच्यामागे लागण्याची ज्याची तयारी आहे, त्याने बेलाशक ती घरी आणावी. फक्त सीटा टाकण्याआधी स्प्रिंगांत हात घालून पाहावा.